आण्यात न मावलेले चार पैसे

दौंड,
शनिवार

प्रिय आत्याबाई,

तुम्ही मला फसवलंत! एक-दोन दिवस नाही, चांगली अकरा वर्षं फसवलंत. आणि मी फसले. मी, शिरूरच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेली, पावकी-निमकी घडाघडा म्हणणारी सून, अंगठा उठवणाऱ्या सासूकडून फसले!

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. तेराव्यापर्यंत पोटभर रडून घेतलं आणि मग कामाला लागले, तुम्हाला आवडलं असतं तसं. पत्रबित्र लिहायचं काही मनात नव्हतं. पण काल वाणीशेठच्या दुकानात जे कळलं त्यानं जीव थाऱ्यावर राहिला नाही. यांना म्हटलं, मला आत्याबाईंना जाब विचारायचा आहे. तर म्हणाले, "आता कुठं गाठशील तिला?" म्हणून कागद घेतला.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणत लिहिते आहे. छबू दारातून डोकावली, "आई, कुणाशी बोलतीस?" म्हणाली. म्हटलं, तुझ्या आज्जीशी. "बरं," म्हणाली आणि खेळायला गेली. तुमच्याच हातची पोर ती!

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे सगळं, पण मला एकदा सांगू दे.

मी लग्न होऊन दौंडला आले तेव्हा माझी समजूत अशी, की टांगेवाल्याच्या घरी रोज पैसा येतो. स्टेशनावर गाडी लागते, सवाऱ्या उतरतात, रोकडा हातात पडतो. शिरूरला आमच्याकडे बाप गेल्यापासून आई वाकळा शिवायची आणि पैसा वाकळ पुरी झाल्यावर यायचा. म्हटलं, आता मज्जा आहे सगुणे!

कसली मज्जा! दुसऱ्याच दिवशी मी लाजत लाजत रिबिनीला दोन आणे मागितले. तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाही. "कुठल्या गाडग्यातलं?" एवढंच विचारलंत.

मला वाटलं, थट्टा करताय. मग तुम्ही मला चुलीशेजारची ती नऊ गाडगी दाखवलीत. नावं कशी लिहिणार, म्हणून प्रत्येकात खूण टाकलेली. घोडीच्या गाडग्यात हरभरा. आपल्या पोटाच्या गाडग्यात ज्वारीचा दाणा. टांग्याच्या डागडुजीला खिळा, भाड्याला कौलाचा तुकडा, जळणाला काटकी, कपड्यालत्त्याला चिंधी, दुखण्याखुपण्याला सुंठ, पै-पाहुण्याला सुपारी. नवव्यात खूणच नाही. "आन् ह्याला हात लावायचा न्हाई," म्हणालात.

मी म्हटलं, रिबिनीचे चिंधीतून द्या. तुम्ही म्हणालात, "चिंधीत नामाचा सदरा हाय. आखाडापातुर त्यात रिबीन बसत न्हाई." इतका राग आला होता तुमचा! यांचा सदरा झाला, पण रिबिनीवाचून आखाड उजाडला, तुम्हाला पाझर फुटला नाही.

आणि ती तुमची वाटणी! काल कमावलेले पैसे आज सकाळी वाटायचे. कमावल्या दिवशी एक दमडी मोडायची नाही. घोडीचा खरारा झाला की हे कमरेची पिशवी तुमच्यापुढं रिकामी करायचे. तुम्ही एकेक रुपयाची चिल्लर लावायच्यात. एका रुपयाचे सोळा आणे: पाच घोडीला, चार आपल्याला, राहिलेल्या सात गाडग्यांना एकेक. तो रुपया संपला की दुसरा. रुपया पुरा झाला नाही तर ती चिल्लर उद्यावर. तीन-साडेतीन, बरा दिवस असला तर चार रुपये. त्याला तुम्ही अर्धी सकाळ घालवायच्यात!

मी शहाणी. पाटी घेऊन बसले. म्हटलं, आत्याबाई, चार रुपयांचे चौसष्ट आणे, चार पंचे वीस आणे घोडीचे, एका दमात टाका की. तुम्ही म्हणालात, "तुझं डोक्यानं हुतं, माझं हातानं. हाताला कळलं का मग त्यो उगं कुठल्या बी गाडग्यात जात न्हाई."

मला ते तेव्हा पटलं नाही. पुढं यांनीच सांगितलं, सासरे गेल्यावर टांगा यांच्या हातात आला आणि हे हाताचे सैल. अड्ड्यावर सगळ्यांना भजी, सगळ्यांना चहा. पावसाळ्यात एकदा तीन दिवस सवारी मिळाली नाही आणि आपली घोडी, चंद्री, वाळक्या गवतावर राहिली. चौथ्या दिवशी तुम्ही कुंभाराकडून गाडगी आणलीत. यांना एका शब्दानं बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "चंद्रीला इचारलं, तिला बी ह्ये पसंत हाय." अजून हे ते सांगताना हसतात.

मग सत्तावन्न सालचा पाडवा आला आणि नवी नाणी आली. आता नुसतं पैसे म्हणतात, तेव्हा नये पैसे म्हणायचे. रुपयाचे शंभर! काय गोंधळ तो! सवारी एक नाणं पुढं करी, हे दुसरं मागत. स्टेशनाबाहेर रोज भांडणं. बाजारात बायका मुठीत चिल्लर घेऊन भेटेल त्याला विचारायच्या, ह्याचं किती झालं?

त्या सकाळची वाटणी मला लख्ख आठवते. यांनी सगळी नवी नाणी पुढं ओतली. तुम्ही बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसलात. मग मला विचारलंत, "एका आण्याचं किती गं?"

"सव्वासहा," मी म्हटलं.

"पाव पैसा कुठनं आणू? तसलं नाणं हाय का?"

"नाही."

"मग सहाच." आणि तुम्ही सहा-सहाच्या ढिगाऱ्या मांडायला लागलात. सोळा मांडल्यात आणि हातात चार पैसे उरले. तुम्ही ते इकडे ठेवून पाहिलेत, तिकडे ठेवून पाहिलेत. मी समजावायला गेले, की आत्याबाई, पाच आणे असतील तिथं एकतीस घाला, चार आण्याला पंचवीस... तर माझ्यावरच खेकसलात. "मला न्हाई कळत तुझं पंचवीस-एकतीस! आणा म्हंजी सहा. ह्ये चार कुठल्याच आण्यात मावंनात. ह्येंचा कुणी मालक न्हाई."

आणि उचलून माझ्या ओटीत टाकलेत. "घे तुला. ह्येचा हिशेब मी मागायची न्हाई. नाम्या, तू बी मागायचा न्हाईस."

हे हसले. मीही पदराआड हसले. म्हातारीचा हिशेब चुकतोय आणि फायदा माझा! मी कशाला दुरुस्त करते? रोज रुपयामागं चार पैसे, म्हणजे दिवसाला बारा-पंधरा. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात माझा पैसा आला होता.

पहिले दोन महिने मी काय दिवे लावले ते तुम्ही पाहिलंतच. रिबिनी आणल्या, एक नाही, तीन रंगांच्या. काचेच्या बांगड्या. बाजारच्या दिवशी शेव-चिवडा. तंबूतला सिनेमा दोनदा, शेजारच्या पोरींना माझ्या पैशानं. हातात आलं की गेलं. तुम्ही विचारलं नाहीत, तोंड वाकडं केलं नाहीत. एकदा फक्त माझ्या बांगड्या बघून म्हणालात, "छान हायत." मला वाटलं होतं बोलणी बसतील!

मग शिरूरहून वाकळ आली.

आईनं आपल्याकडं धाडली होती, येणाऱ्याबरोबर. मी कौतुकानं उलगडली आणि तशीच दारात उजेडाला नेली. आईचा टाका तुम्ही पाहिला होता ना? रेघ आखावी तसा सरळ. या वाकळेवर टाके वाट फुटेल तिकडे गेले होते. एके ठिकाणी तर दोरा नुसताच वरून फिरला होता, खालच्या कापडात शिरलाच नव्हता. आईला दिसत नव्हतं. तिनं मला कळवलं नव्हतं आणि हातानं चाचपून शिवत बसली होती!

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याला नेऊन काढता येतो, असं लोक सांगत. पण गाडीभाडं, तिथं राहणं, खाणं, मग चष्मा. आणि आईचं तुम्हाला माहीत आहे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. दौंडला यायची ती भाकरी फडक्यात बांधून यायची आणि आपल्या ओट्यावर बसून, पाणी शेजारणीकडचं मागून प्यायची. मी किती भांडले तिच्याशी! जावयाचा पैसा घेऊन डोळे करायचे म्हटलं असतं तर तिनं आंधळीच राहणं पत्करलं असतं. आणि आंधळी झाली म्हणजे वाकळा बंद, वाकळा बंद म्हणजे खाणार काय? मी एकटीच लेक. भाऊ नाही, चुलता नाही.

त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही. तुम्ही ओळखलंत, पण विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चार पैसे ओटीत पडले तेव्हा मी पहिल्यांदा ते मोजले. म्हणजे नुसते मोजले नाहीत, पुढचे मोजले. महिन्याचे किती, वर्षाचे किती. पाटी घेतली. तुम्ही हरभरा निवडत होतात, म्हणालात, "आज पाटी कशाला?" म्हटलं, उगीच.

पत्र्याची एक डबी केली आणि सगळेच्या सगळे तिच्यात टाकायला लागले. आठ दिवस टाकले. नवव्या दिवशी बाजारात बांगडीवाली दिसली आणि डबीतले निम्मे उडवून आले! इतकी लाज वाटली! घोडीच्या पाठीमागं जाऊन रडत बसले. तुम्ही तिथं शेण काढायला आलात. मला म्हणालात, "सगळंच बांधू नगं गं. चारातला एक उडवायला ठेव. माणसाचं मन हाय ते, त्येला रोज थोडं लागतं. न्हाईतर एका दिशी समदंच खातंय."

मी विचारलंसुद्धा नव्हतं तुम्हाला! तेव्हापासून तीन डबीत, एक मोकळा. त्या मोकळ्या पैशानं मी कधी पेरू खाल्ला, कधी दोरा आणला. डबीला पुन्हा हात लावावासा वाटला नाही. आणि हळूहळू कसं झालं कुणास ठाऊक, तुमची ती रेंगाळती वाटणी मला आवडायला लागली. हे पिशवी ओततायत, चंद्री बाहेर पाय आपटतेय, तुमचा हात गाडग्या-गाडग्यात जातोय, नाणी वाजतायत. मीच तुमच्या शेजारी बसून ढिगाऱ्या लावायला लागले. सहा-सहाच्याच!

पुढच्या पावसाळ्यात चंद्रीच्या खुरात खिळा गेला. वीस दिवस टांगा उभा. आठवतंय ना? हरभऱ्याचं गाडगं घासून पुसून संपलं, मग टांग्याचं, मग नववंही. ज्वारीच्या गाडग्यात चार दिवसांचं उरलं. एक दिवस हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझ्याजवळ असतील की थोडं. पाय बरा झाला की देतो परत."

मी आत गेले. डबी काढली. तीस रुपयांच्या आसपास होते, आईचा एक डोळा म्हणा ना! पण घोडी बसली तर घर बसतं, आणि हे काही उधळायला मागत नव्हते. मी डबी घेऊन बाहेर आले.

तर तुम्ही उंबऱ्यात! "ठिव ती आत!" केवढ्यानं ओरडलात!

हे म्हणाले, "आई, घरचंच पैसं हायती की."

"न्हाईत घरचं. घरचं नऊ गाडग्यात हुतं, ते संपलं. आता अंबील पिऊ. तिला मी दिल्यात आन् हिशेब मागायचा न्हाई म्हणलीया, तवा मागायचं न्हाई!" आणि माझ्याकडं वळून, "आन् तू गं? कुणी बी तोंड वासलं का उघडतीस डबी?"

आपण खरोखर अंबील प्यालो, आठ दिवस. हे दुसऱ्याच्या टांग्यावर बदली गेले. मला तेव्हा तुमचा हट्टीपणा वाटला. म्हटलं, म्हातारी शब्दाला पेटली की कुणाचं ऐकत नाही. चंद्री उभी राहिली, दिवस सरळ झाले, आणि मी ते विसरून गेले.

एकोणसाठच्या थंडीत डबीत सदुसष्ट रुपये झाले. मी शिरूरला जाऊन आईपुढं ठेवले. ती नाणी चाचपत राहिली. "सगुणे, खरं सांग. जावयाचं हाय का ह्ये?"

"नाही. माझं आहे."

"तुझं कुठनं आलं?"

"आत्याबाईंना हिशेब येत नाही, त्यातून उरलेलं!"

आई हसत सुटली आणि पुण्याला यायला कबूल झाली. छबू तेव्हा माझ्या पोटात, मला सातवा. मी कुठली जाणार? तुम्ही म्हणालात, मी जाते. तुम्ही, पुण्याच्या वाटेला यवतच्या पलीकडं कधी न गेलेल्या! पुण्याच्या दवाखान्यात विहिणीच्या उशाशी बारा दिवस राहिलात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. तुम्ही तिला चमच्यानं पेज भरवलीत. म्हणे दिवसभर गोष्टी सांगायच्यात, सगळ्या चंद्रीच्याच.

परत आलात तेव्हा तुम्हीच हसत हसत सांगितलंत. पट्टी सोडली, चष्मा लावला, आईनं पहिलं तोंड पाहिलं ते तुमचं. आणि काय म्हणाली? "विहीणबाई, मशेरी सोडली व्हय? दात केवढं पांढरं दिसत्यात!"

मी पोट धरून हसले होते. माणसाला डोळे आले, आणि पाहिलं काय, तर विहिणीचे दात!

आई अजून शिवते, आत्याबाई. छबूचं झबलं, छबूची वाकळ, गेल्या महिन्यात माझ्या नव्या पोलक्याला काजं. टाका पुन्हा रेघेसारखा. तुम्ही गेलात तेव्हा आली होती ना, त्या रात्री तिनं तुमचं जुनं लुगडं मागून घेतलं. त्याची वाकळ करतेय.

आता कालचं.

मला एक खोड आहे, तुम्हाला माहीत आहे. ती चार पैशांची गोष्ट मी सगळ्यांना सांगायची. हळदीकुंकवाला, नळावर, एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा. "आमच्या आत्याबाईंना सव्वासहा कळेना, आणि माझी चैन झाली!" बायका हसायच्या. तुम्ही समोर असलात तर तुम्हीही हसायच्यात. "अडाणी हाय बाई मी," म्हणायच्यात. काल वाणीशेठकडे गूळ घ्यायला गेले, तुमचा विषय निघाला, आणि मी ती गोष्ट सांगितली.

शेठ हसले नाहीत. तागडी हातात तशीच धरून म्हणाले, "कोण म्हणतंय त्यास्नी कळत नव्हतं?"

म्हटलं, म्हणजे?

"अवो, नवी नाणी आली त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यास्नी चार आण्याची मोड दिली, चोवीस पैसं. दुकानात माणसं उभी. म्हातारी म्हणाली, शेठ, आणा सव्वासहाचा. चार आण्याचं पंचवीस व्हत्यात, तीन आण्याचं एकुणीस. माझा एक पैसा ठेवा खाली! मलाच सगळी मोड बोटांवर करून दाखवली. मी कागदावर लिवून गल्ल्याला चिकटवली ती तवाच."

मी गूळ तिथंच ठेवला, आत्याबाई.

शेठ पुढं बोलतच होते. "एक न्हाई कळलं मला. तवापासनं त्यांनी तंबाखू न्यायची बंद केली. मशेरीची. खोबरं बी अर्धं. इचारलं तर म्हणाल्या, हिरड्या दुखत्यात. कवातरी आमच्याकडनं चिमूटभर मशेरी मागून बोट फिरवायच्या, आन् विकत घ्यायच्या न्हाईत."

म्हणजे चार पैसे आकाशातून पडले नव्हते. घोडीच्या पाच आण्यातला सव्वा पैसा, पोटाच्या चार आण्यातला एक, असं सगळ्या गाडग्यांतून निघालं होतं. ते भरून कुठून काढलंत? तुमच्या तोंडातून! आम्हाला सांगितलंत हिरड्या दुखतात, आणि मी तुम्हाला लवंगेचं तेल आणून दिलं होतं! माझ्या त्या उडवायच्या पैशातून! तुम्ही ते घेतलंत आणि लावून दाखवलंत. काय बाई म्हणायचं तुम्हाला!

मग मला आईचं बोलणं आठवलं. तुमच्या तेराव्याला ती म्हणाली होती, नवी नाणी यायच्या आधीच्या दिवाळीला तुम्ही मला आणायला शिरूरला आला होतात, तेव्हा मी नदीवर धुणं घेऊन गेले असताना तिला सुई ओवायला जमेना. तुम्ही ओवून दिलीत. आणि म्हणालात, नामाला सांगते, डोळं दाखवू. तर आईनं तुमचा हात धरला होता. लेकीच्या घरचा पैसा नको, आणि सगुणीला सांगू नका. मला वाटलं होतं, आई आपलं दुःखात काहीबाही आठवतेय. मी नीट ऐकलंही नाही.

वाकळ येण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला ठाऊक होतं! आणि दोन महिने मी तुमची तंबाखू रिबिनीत आणि सिनेमात घालवत होते, तेव्हा तुम्ही "छान हायत" म्हणालात. एक शब्द टाकला असतात तर? तेवढं मात्र मला तुमचं आवडलं नाही. पण खरं सांगू? टाकला असतात तर ते पैसे माझे राहिले नसते. आईनं विचारलं तेव्हा मी "माझं आहे" म्हटलं ते तिच्या डोळ्यात डोळे घालून म्हटलं नसतं, त्या डोळ्यांना दिसत नसलं तरी.

आज सकाळी वाटणीला बसले. आता गाडग्यांपुढं मीच बसते. सोळा ढिगाऱ्या झाल्या, चार उरले. हे म्हणाले, "तू तर शिकलेली. आता तरी सव्वासहानं वाट की. कशाला आईची चूक चालवतीस?"

मग सांगितलं सगळं. शेठचं, मशेरीचं, आईच्या डोळ्यांचं. आजवर यांना एवढंच माहीत होतं, की माझ्या आईनं डोळ्यांसाठी वाकळांतून पैसे साठवले. हे ऐकता ऐकता खाली बसले. मग म्हणाले, "मला का न्हाई सांगितलं? मी न्हाई म्हणलो असतो व्हय?"

"नसता म्हणाला. पण मला मागावं लागलं असतं."

हे उठले, घोडीला पाणी दाखवलं, परत आले. दारात उभं राहून म्हणाले, "आईनं बी माझ्याजवळ कवा काय मागितलं न्हाई. तिला काय पायजे हुतं, मला ठावंच न्हाई गं."

मी त्यांना चहा करून दिला. दुसरं काय करणार?

आत्याबाई, मला वाईट वाटतंय, पण फार नाही. एवढी वर्षं मी तुम्हाला चारचौघांत अडाणी ठरवलं, त्याची मात्र माफी असावी. ती गोष्ट आता मी कुणाला सांगणार नाही. आईला मात्र सांगणार, उद्या रविवारी जाऊन. तिनं पाहिलेले ते दात कुठल्या पैशानं पांढरे झाले, ते तिला कळायला हवं.

आणखी एक. तुमचं वर्ष व्हायच्या आत तुमच्या धाकट्या लेकाचं, आपल्या भावजींचं, लग्न उरकायचं ठरलंय, मार्गशीर्षात. मुलगी कासुर्डीची, सातवी पास. तिच्या घरी कोण आहे, कुणाचे डोळे, कुणाची फी, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. ती आली की दुसऱ्याच दिवशी तिला वाटणीला शेजारी बसवीन. सोळा ढिगाऱ्या मांडीन सहा-सहाच्या, आणि उरलेले चार तिच्या ओटीत टाकीन. माझे बंद, तिचे सुरू. ती मला सव्वासहाचा हिशेब समजावून सांगेल. मी म्हणेन, मला नाही बाई कळत. माझ्यामागं ती शेजारणींना सांगून हसेल. हसू दे.

तुमची सून,
सगुणा